मडीचं पाणी

खरं सांगू का? दुसरा शनिवार आन् रविवार जोडून चाकूरला मी निघाले ते पुस्तकं वाचायला, असं नांदेडात सगळ्यांना सांगितलं होतं. मला शरणीच्या घरी पाणी पिऊन बघायचं होतं.

शरणम्मा, केवळा आन् मी मुखेडच्या शाळेत एका बाकावरच्या. शरणी लिंगायताची, केवळा मराठ्याची, मी पंचशीला, बौद्धाची. वीस वर्षांची मैत्री, पण भेटायचं म्हटलं की नांदेडला माझ्या खोलीवर. शरणी माझ्या ताटात जेवायची, माझ्या गोधडीत झोपायची. लग्न होऊन चाकूरला गेली तरी "घरी ये" असं कधी तिच्या तोंडून निघालं न्हाई. यंदा निघालं. सासू कडक हाय हे मला ठाऊक होतं. म्हटलं, बघू तर खरं, शरणी तिच्या घरात कुणाच्या बाजूची हाय ते.

लातूर जिल्हा होऊन वर्ष व्हायचं होतं. एसटीत एक म्हातारा म्हणून राहिला होता, "जिल्हा नवा झाला, सायब नवे आले, टँकर तेवढा जुनाच हाय." पावसानं दगा दिला होता. चाकूरला टँकर सोमवारी यायचा, मग थेट गुरुवारी.

केवळा आदल्या दिवशीच आली होती. शरणीचा नवरा लातूरला नव्या कचेरीत, रविवारी संध्याकाळी येणार. सासू, गुरम्मा, मठात गेलेली. मी उंबऱ्यावर चपला काढल्या आन् तिथंच थांबले. शरणीनं ओळखलं.

"पंचे, पाव्हणी हायस का तू? घागर तिथं हाय. हातानं घे."

मी तांब्या बुडवला. घटाघटा प्याले. इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं, आन् ते दिसू नये म्हणून मी आणखी एक तांब्या प्याले.

मग काय, धमाल! ओसरीवर तिघी आडव्या पडलो, पुस्तकं मधी. शाळेतलं ते शेवटची पानं फाटलेलं चोरांचं पुस्तक मी जपून ठेवलं होतं, तेही आणलं. लहानपणी त्याचा शेवट तिघींनी तीन तऱ्हेचा केलता. केवळाचा चोर लग्न करायचा, शरणीचा साधू व्हायचा, माझा कुणाच्या हाती लागायचा न्हाई. पानं अजून फुगलेली होती. माझ्या घरून ते शरणीकडं गेलं की तिची आई त्याच्यावर पाणी शिंपडायची.

"आई पण ना!" शरणी हसली. केवळा हसली. मीही हसले, पण मला ते तितकं गमतीचं वाटलं न्हाई.

गुरम्मा दिवेलागणीला आल्या. मी नमस्कार केला. त्यांनी नुसती मान हलवली आन् काही न खाता-पिता झोपायला गेल्या.

पहाटे मला जाग आली ती कसल्यातरी आवाजानं. परसात गेले. शरणी घागर वाकडी करून लिंबाच्या बुडाशी पाणी ओतून राहिली होती. गाव तांब्याभर पाण्यासाठी भांडतंय आन् ही झाडाला घालतीय!

मी घागरीचा काठ धरला. "काय करून राहिलीस?"

ती दचकली. "हळू बोल गं. अत्या उठतील. त्यांना लिंगपूजेला मडीचं पाणी लागतं. सोवळ्याचं. पूजेबिगर त्या पाण्याचा थेंब घेत न्हाईत. शेजारून घागरभर आणते, त्यांना कळायचं न्हाई."

"परवा केवळानं तांब्या बुडवला, तवा ओतलंस?"

ती माझ्या हातातून घागर सोडवाया लागली.

"बोल की! दातखीळ बसली का?"

"पंचे, म्हातारीचा नेम हाय. तिला फसवून तेच पाणी पूजेला कसं देऊ? पाप लागंल."

"आन् मला फसवलेलं चालतंय व्हय?"

माझा आवाज चढला. केवळा दारात येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "पहिल्या गाडीनं जाते मी. पुन्हा तुझं तोंड बघणार न्हाई."

आतून गुरम्मांची हाक आली, "शरणे, पाणी आण गं."

शरणीनं माझ्याकडं बघितलं. मग अर्धी उरलेली घागर कडेवर घेतली आन् आत गेली. मी मागोमाग गेले. गुरम्मा भस्म लावून पाटावर बसल्या होत्या.

"अत्या," शरणी म्हणाली, "ह्या पाण्याला पंचशीलाचा हात लागलाय. मीच सांगितलं होतं घ्यायला. घरात हेच पाणी हाय."

गुरम्मांनी गळ्यातलं लिंग पुन्हा पदराआड ठेवलं. "मग पूजा न्हाई. जेवण बी न्हाई. येऊ दे त्याला लातूरहून."

मला वाटलं, आता शरणी पाया पडंल.

"बरं," शरणी म्हणाली.

बाहेर येऊन तिनं त्याच पाण्याचा चहा टाकला. साखर टाकताना निम्मी बाहेरच सांडली. केवळा म्हणाली, "अगं, म्हातारीला शेजारून तरी आण." गुरम्मा आतून ओरडल्या, "ह्या घरातल्या भांड्यातलं नको मला!" म्हातारी दिवसभर उपाशी राहिली. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. न्हाई वाटलं. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू. भीती वाटली ती शरणीसाठी. संध्याकाळी नवरा येणार, म्हातारी सांगणार, आन् मी नांदेडच्या गाडीत खिडकीपाशी बसलेली असणार.

केवळा चारच्या गाडीनं गेली. मी न्हाई गेले.

नवरा आला. बंद दाराआड त्याचा आवाज रात्री बराच वेळ येत राहिला, शरणीचा एकदाही आला न्हाई.

सोमवारी सकाळी टँकरचा भोंगा वाजला. शरणीनं एक घागर उचलली, दुसरी मी. सुजलेल्या डोळ्यांनी तिनं बघितलं, पण नको म्हणाली न्हाई. रांगेतल्या बाया सरकल्या, कुजबुजल्या. तिचा नवरा दारात उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुम्ही अजून गेल्या न्हाईत?"

"पाणी भरते आन् जाते," मी म्हणाले, आन् शरणीच्या पुढं घागर ठेवली.