सहा टनांचा पूल

ओढ्यावरचा जुना पूल आदल्या आठवड्यात उतरवला, तेव्हा त्याच्या लोखंडी तुळयांचे पापुद्रे हातानेच निघत होते. दोन वर्षं त्यावरून जड गाड्या बंद होत्या. बसला नऊ किलोमीटरचा वळसा पडे. त्याच्या जागी आता बसणार होता फायबरचा, कारखान्यातून अखंड आलेला बारा मीटरचा पूल.

कामावर इंजिनिअर होती सून आणि क्रेनवर होते तिचे सासरे. घरी ती त्यांना बाबा म्हणे, कामावर नुसतं ‘ऑपरेटर’. नियम त्यांनीच घातला होता.

“ऑपरेटर, उचला.”

पूल जमिनीवरून सुटला. सासऱ्यांनी वजनाचा काटा पाहिला, पुन्हा पाहिला.

“काटा बिघडलाय. सहा टन दाखवतोय.”

“सहाच आहे. काँक्रीटचा असता तर साठ भरला असता.”

“म्हणजे प्लॅस्टिकच्या बादलीच्या घराण्यातला.”

“घराणं तेच, पण हा शिकलेला.”

सासरे हसले. पूल वर गेला आणि ओढ्याकडे सरकताच वाऱ्याने गर्रकन वळला. पूल सांभाळायला त्याचे दोर धरलेले दोघे मजूर चार पावलं फरफटले. सासऱ्यांनी पूल अलगद काठावर टेकवला.

ती केबिनपाशी आली. “वारा मर्यादेतच आहे. मी मोजलाय.”

“कुठे मोजलास?”

“इथे, रस्त्यावर.”

“आता ओढ्यावर मोज.”

तिने काठाशी जाऊन यंत्र धरलं. आकडा जवळजवळ दुप्पट होता. ती परत आली.

“माझं चुकलं. हे मी हिशेबात धरायला हवं होतं.”

“जड तुळई वाऱ्याला भीक घालत नाही. हा मात्र पतंग आहे. आता थांबायचं की काय करायचं, ते तू ठरव. इंजिनिअर तू आहेस.”

तिने कागद काढला. वारा ओढ्याच्या धारेनेच येत होता. पूल आधी त्याच दिशेने धरायचा, म्हणजे वाऱ्यासमोर फक्त अरुंद टोक राहील. जागेवर हातभर उंचीवर आणून मगच आडवा फिरवायचा. दोर माणसांच्या हाती नकोत, दोन्ही काठांवर ट्रक उभे करून त्यांना बांधायचे. त्यातही वाऱ्याचा जोर दुपारी उतरेपर्यंत थांबायचं.

सासऱ्यांनी कागद उलटसुलट पाहिला. “जमेल. आता जेवून घेऊ.”

चारला वारा बराच उतरला. त्यांनी पूल इतक्या सावकाश फिरवला की काठावरचे बघे कंटाळून गप्पा मारू लागले. टोकं रबरी गाद्यांवर बसली. फट सगळीकडे सारखी. तिने बोट फिरवून पाहिलं आणि वर अंगठा केला.

रात्रीतून बोल्ट आवळले गेले. सकाळी खडीने भरलेले दोन ट्रक मधोमध उभे केले. पूल चार मिलिमीटर वाकला; तिच्या हिशेबाने सहा चालले असते. ट्रक उतरताच तो पुन्हा सरळ झाला.

साडेनऊला पहिली बस आली. चालकाने वेगही कमी केला नाही. खिडकीशी एक बाई डुलकी घेत होती, तिची मान जराही हलली नाही. बस पलीकडच्या वळणावर गेली. सासरे क्रेनचे पाय आवरायला लागले, आणि सून अहवाल लिहायला बसली.