चुंबळीवर टेकलेलं डोकं

कट्!

भरदुपारी घर निवांत होतं. पाळण्याची दोरीसुद्धा थांबली होती. त्यात हा आवाज. दाराची कडी नव्हती ती, दिपमालाची मान होती. भाजी निवडता निवडता तिनं मान वळवली आणि ती अर्ध्यावरच अडकली.

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे. डोक्यावर ओझं घेण्याआधी बायका कापडाची गोल गुंडाळी ठेवतात ना, तीच मी. सोनगीरजवळच्या गावात दिपमालाच्या आईनं आपलं हिरवं लुगडं फाडून, पिळून, टाके घालून मला वळलं. लेक लग्न होऊन रावेरकडे निघाली तेव्हा आईनं मला तिच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं. लगेच हाताशी लागावी म्हणून.

आणि लागलेच. केळीच्या बागेत कापलेला घड दिपमालाच्या डोक्यावर चढे आणि ती चिखलातून थेट ट्रॅक्टर गाठे. "मान देखा हिनी, खांबनी गत!" बाया म्हणत. मी फुगून जाई. रुपा झाली, तरी बांधावर बसून तिला पाजताना दिपमाला मला डोक्यावरून काढत नसे. नजर समोर, भरत आलेल्या ट्रॅक्टरवर.

मला वाटे, मी तिचं ओझं हलकं करते. खरं सांगू? मी ते फक्त टोचू देत नव्हते. वजन तिच्या मानेतच जात होतं.

ईश्वर पोटात असताना ती बागेत जायची थांबली आणि मी खुंटीवर गेले. ओझं उतरलं, पण खांदे काही उतरले नाहीत. ते कानांशी चढलेलेच राहिले. माझ्यातला तिच्या तेलाचा वास विरत गेला. वर टांगलेली मी रोज एकच गोष्ट बघायचे. ती ईश्वरला पाजायला घेई आणि समोरच्या भिंतीकडे बघत राही. मान खाली झुकतच नसे. डोळे कितीही खाली नेले तरी त्याचं जावळ तेवढं दिसे. मग पाच वर्षांची रुपा शेजारी बसून सांगे, "माय, त्यानी डोया मिटी लिधात... आते हसना!"

"कसा हसना वं?"

रुपा तोंड वाकडं करून दाखवी. दिपमाला हसे आणि ईश्वरचं जावळ कुरवाळत राही. बाळाला दहावा महिना लागला होता. दात आले होते. "आते दूध सोडाव त्यानं," सासू भागाबाईनं सांगून टाकलं होतं. त्याआधी एकदा, एकदाच, पिताना तो कसा दिसतो ते तिला बघायचं होतं.

त्या 'कट्'नंतर दोन दिवसांनी मोहिनीताई घरी आल्या. अंगणवाडीत आठवड्याला एकदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. "हातांना मुंग्या येत नाहीत ना?" त्यांनी आधी तेच विचारलं. मग सतरंजीवर झोपायला सांगितलं. डोक्याखाली मऊ काहीतरी हवं होतं. रुपानं उडी मारून मला खाली ओढलं.

"खांदे थोडेसेच कानांकडे न्या. आता सोडा. सोडताना मुद्दाम वेळ लावा."

"कितला दाव करू? पन्नास?"

"तीनदा."

"तीनदा? याले काय काम म्हनतस, ताई?"

"हे काम नाहीच. तुमची मान सोडायचं विसरलीय, तिला आठवण करून द्यायचीय. दुखलं की थांबायचं."

पण दिपमालाला एकच रीत ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिनं दात आवळून, श्वास धरून पन्नास वेळा केलं, जणू ट्रॅक्टर थांबलाय. दोन दिवस वेणी घालायला हात वर गेला नाही. त्यानंतर मात्र ती तीनवर आली.

मित्रांनो, मी जन्मभर त्या डोक्याच्या वर राहिले. त्याचं वजन मला कधी कळलंच नव्हतं. आता ते माझ्यावर होतं, पण अधांतरी. झोपूनही ती ते उचलूनच धरी. मी वाट बघायचे.

"काय करी ऱ्हायनी वं? मांजरनी गत आंग ताणी ऱ्हायनी!" भागाबाई ओरडली.

"मांजरनी मान कधी दुखस का, आत्याबाई?"

भागाबाईनं रडणाऱ्या ईश्वरला उचललं. "कर मंग," म्हणाली आणि अंगणात गेली.

दिवसागणिक ते डोकं माझ्यावर जड होत गेलं. आणि एका दुपारी, खांदे सोडता सोडता, सगळंच्या सगळं टेकलं. मी पार चपटी झाले. तेलाचा वास पुन्हा माझ्यात उतरला. एवढं सुख मला घडाखाली कधी मिळालं नव्हतं.

मित्रांनो, घरात कुणी सारखी मान चोळत असेल तर तिला जोर करायला सांगू नका. तिच्या हातातलं काही घ्या. तिला थोडा वेळ आडवं होऊ द्या. उतरलेलं ओझंही अंगाला सावकाशच कळतं.

त्याच आठवड्यात दिपमालानं ईश्वरला मांडीवर घेतलं. मान थोडी झुकली. थांबली. मग आणखी थोडी. बाळाची मूठ तिच्या पदरात रुतली होती. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा बुडबुडा. तो पिता पिता थांबला, वर बघून हसला आणि पुन्हा पिऊ लागला. ती बघत राहिली.

शेजारी बसलेल्या रुपाला आज सांगायला काही उरलं नव्हतं. ती आईच्या झुकलेल्या चेहऱ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली,

"माय, मी धाकली व्हती तवय मन्हाकडे बी आशीच देखत व्हती का वं तू?"