पाच स्टारचा एसी

अमोलला एक खोड होती. स्वतःला न कळलेली गोष्ट तो बायकोच्या गालावर समजावून सांगायचा. शालूने सात वर्षं हे सोसलं.

जठारपेठेतल्या घरात नवा एसी लागला, तेव्हा त्याने पाच स्टारच्या लेबललाच हळदीकुंकू लावलं. "पाच स्टार म्हंजे करंट खातेच नाई," येईल त्याला तो ऐकवायचा. इन्व्हर्टर बसवणाऱ्या पुंजाजी वायरमनने शालूला खरं सांगितलं होतं. स्टार जास्त म्हणजे तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या एसीपेक्षा वीज कमी, एवढंच. दीड टनाचा एसी घरच्या इन्व्हर्टरला झेपायचा नाही. आणि त्याच इन्व्हर्टरवर शालूच्या आईचं, मैनाबाईचं, ऑक्सिजनचं मशीन चालायचं.

मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं. घामाघूम अमोलने एसीचा प्लग काढून इन्व्हर्टरच्या बोर्डात खुपसला. कॉम्प्रेसर सुरू होताच इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. मशीनही थांबलं.

"प्लग काढा! माय गुदमरून राहिली!"

"मले शिकवून राहिली? पाच स्टार हाये तो!" थप्पड अशी बसली की शालूचा ओठ फाटला. प्लग तसाच ठेवून त्याने इन्व्हर्टर पुन्हा चालू केला. पुन्हा किंचाळी, पुन्हा सगळं बंद. मैनाबाईचे ओठ जांभळे पडले, बोटं चादर खरवडू लागली.

शालू प्लगकडे झेपावली. त्याने वेणी धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा, आणि प्लगवर पंजा दाबून उभा राहिला. "लावून तर पाह्य हात!"

ती स्वयंपाकघरात धावली, वरवंटा घेऊन आली आणि सगळा जीव एकवटून तो त्या पंजावर घातला. हाड कडाडलं. त्याने पोटात लाथ घातली, तिने वरवंट्याने त्याचा गुडघा फोडला. तो गुरासारखा ओरडत कोसळला. रक्ताळला प्लग हिसक्याने उपटून तिने इन्व्हर्टरचं बटण दाबलं.

मशीन गुरगुरलं. नळी नाकात सरळ केल्यावर मैनाबाईची छाती हळूहळू वरखाली होऊ लागली. डोळे उघडताच म्हातारीने जमिनीवर विव्हळणाऱ्या जावयाकडे पाहिलं. "जावईबुवाले... लागलं काय वं?"

शालूने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "त्याच्यापाई श्वास खर्चू नको, माय."