हत्ती गिळलास का?

"एक कमी आहे."

बाईंनी डबा पुन्हा टेबलावर पालथा केला. नाण्यासारखे चपटे, चकचकीत सेल टेबलभर घरंगळले आणि मोजणी पुन्हा तिथेच येऊन अडली. शाळा सुटली होती. दुसरीची मुलं दप्तरं पाठीला लावून दाराशी दाटली होती.

"कुणाकडे राहिलाय का? खिसे बघा. मी रागावणार नाही."

"बाई, चिमणीने खाल्ला असेल," पुढचे दात पडलेला एक जण म्हणाला. "ती खडूपण खाते."

वर्ग हसला. बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीकडे पाहिलं.

विज्ञानासाठी त्या वर्गात एक तक्ता तेवढा होता, विजेच्या दिव्याचा. मुलांनी हात लावावा असं काहीच नाही, म्हणून बाई सुट्टीच्या दिवशी बाजार पालथा घालत. चष्मेवाल्याकडून चरे पडलेली भिंगं आणली, औषधवाल्याकडून ड्रॉपर, आणि रिमोट दुरुस्त करणाऱ्याकडून हे उतरलेले सेल. "रिमोटला मेलेत बाई, पण तुमच्या चिमुकल्या दिव्यांना पुरून उरतील," तो म्हणाला होता. आज मुलांनी दिव्याचे दोन पाय सेलच्या दोन बाजूंना चिकटपट्टीने लावले, आणि बाकाबाकावर लाल ठिपके पेटले.

असा सेल घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. बाईंना हे ठाऊक होतं. प्रत्येकाच्या हातावर नजर ठेवायची असं ठरवूनच त्या वर्गात आल्या होत्या. पण दिवे लागले आणि त्याही मुलांइतक्याच हरखल्या.

चिमणी कॉलर चघळत उभी होती. तिच्या तोंडात सदानकदा काहीतरी असे. शब्द तेवढे नसत.

"चिमणे, तू सेल गिळलास का?"

तिने मान डोलावली. हो.

 बाई तिच्यासमोर खाली बसल्या आणि आवाज जमेल तितका साधा ठेवून म्हणाल्या, "आणि हत्ती? हत्ती गिळलास का?"

तिने पुन्हा मान डोलावली.

मुलं खिदळली. म्हणजे त्या होकाराला अर्थ नव्हता. पण म्हणून तो नकारही होत नव्हता.

बाईंकडून ऐकताच मुख्याध्यापक दारातच म्हणाले, "आधी नीट शोधा हो. उगाच बोभाटा नको. शाळेचं नाव जाईल आणि तुमची नोकरीही."

"शोधेपर्यंत घसा जळाला तर, सर?"

फाटकाशी चिमणीचे वडील उभे होते. रंगारी माणूस, कोपरापर्यंत पांढरे शिंतोडे. बाईंनी त्यांना सगळं सरळ सांगून टाकलं.  ते मुलीला उचलून दवाखान्याकडे चालू लागले, मागोमाग बाई.

दवाखान्यातल्या बाकावर बाई तिच्या गळ्याकडे बघत बसल्या. चिमणीने आवंढा गिळला की त्यांचाही गिळला जाई. एक्स-रे काढून झाला, तो हाती यायला फार वेळ लागला. शेवटी डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला.

"सगळं साफ आहे. काही नाही."

"हत्तीपण नाही?" चिमणीने विचारलं.

डॉक्टर हसले. वडिलांना हसू आलं नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुम्ही लपवलं नाही बाई, म्हणून आवाज चढवत नाही. पण हे खेळ आता बंद. आमची पोरं फळ्यावर शिकतील."

"हो," बाई म्हणाल्या. 

पर्स वर्गातच राहिली होती. त्या परतल्या तेव्हा अंधारून आलं होतं आणि शिपाईमावशी कुलूप घेऊन उभ्या होत्या. बाईंनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला.

तक्त्यावरचा दिवा लागला होता.

कागदातून लाल उजेड झिरपत होता, मोहरीएवढा, बरोबर चित्रातल्या काचेच्या मधोमध. तक्ता मुलांच्या उंचीवर बाईंनीच टांगला होता. त्यांनी त्याची कड हलकेच उचलली. मागे चिमुकला दिवा लावलेला तो सेल होता, आणि चिकटपट्टीवर दातांच्या खुणा.

"लाइट लावू का?" मावशींनी विचारलं.

"नको. थांबा जरा."

सेल मुळातच उतरलेला, फार टिकणारा नव्हता. बाईंनी उद्या रिमोटवाल्याला परत करायचा सेलचा डबा मांडीवर घेतला, झाकण दाबून बसवलं, आणि पहिल्या बाकावर त्या लहान मुलासारख्या पाय जुळवून बसल्या.