डिस्कवरचं ग्रीस

बाबा घरात काहीही विसरोत, ब्रेकवर विसरत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर आमचं घर चाललं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा. चहाचा कप विसळून ठेवला की पाठोपाठ विचारायचे, "चहा झाला का गं?" पण कारखान्यात क्रेनचा ब्रेक खोलला की माणूस एकदम ठणठणीत. आई म्हणायची, "तेवढं तरी राहू दे गं त्यांच्याकडे. घरी बसवलं तर झुरून जातील." मी त्यांच्याच हाताखाली फिटर, त्यामुळे लक्ष ठेवायचं लोढणं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. बाहेर मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या दिवशी मोठ्या क्रेनची तपासणी होती. तिचा ब्रेक तेलाच्या दाबावर उघडा राहतो. दाब गेला, वीज गेली, पाइप फुटला, की आतल्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंनी पॅड फिरत्या डिस्कवर आवळतात आणि वजन जिथल्या तिथे थांबतं. बिघडलं की थांबायचं, एवढी अक्कल त्या लोखंडाला आहे. आमच्या घरात ती एकालाही नव्हती. आम्ही दोघं क्रेनवर चढलो. बाबांनी पॅडची जाडी मोजली, स्प्रिंगा तपासल्या, तेलात अडकलेली हवा काढली. नट वाकडा धरला म्हणून मला दोन सणसणीत शिव्या घातल्या. मला बरंच वाटलं. शिव्या देताहेत म्हणजे ठीक आहेत. म्हणून मी पान्हे घेऊन पुढे उतरले आणि ते थोडा वेळ वर एकटे राहिले.

ते खाली आल्यावर वजन उचलून चाचणी घ्यायची होती. क्रेनवाल्याला आम्ही लंबू म्हणतो. त्याने चाचणीचं वजन गुडघाभर उचललं आणि ब्रेक लावला. वजन थांबलं नाही. अगदी निवांत सरकत सरकत खाली आलं आणि जमिनीला टेकलं. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं.

"अगं, हे काय!" लंबू केबिनमधून ओरडला. "उद्या माणसांच्या डोक्यावर असताना घसरलं असतं तर?"

मेन स्विचला कुलूप घालून मी वर चढले. वाटलं, सील गेलं असेल, तेल गळलं असेल. तेल नव्हतं. डिस्कवर ग्रीस होतं. पिवळं, घट्ट, बेअरिंगला लावतात तसं बोटाने नीट गोल फिरवून लावलेलं. पॅड ते पिऊन बसले होते. असे पॅड पुसून भागत नाही, फेकूनच द्यावे लागतात. बाबा माझ्या मागोमाग चढले, त्यांनी बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणत्या गाढवाने हे केलं? डिस्कला ग्रीस? माणसं मारायचीत का? नाव सांग त्याचं, आत्ता हाकलतो!"

त्यांच्या नखांत ते पिवळं ग्रीस होतं.

"चुकलं बाबा," मी म्हणाले. "मीच लावलं."

ते जवळ आले. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. "दमलीस तू, पोरी. डोकं ठिकाणावर नाही तुझं. उद्यापासून ब्रेकला हात लावू नकोस. मी एकटा बघतो सगळं."

एकटा! अरे देवा. उभा जन्म मी या माणसाशी कडाकडा भांडले, आणि आज नेमकी त्याची चूक अंगावर घेऊन बसले होते.

"मी नाही लावलं, बाबा. तुम्ही लावलंत. बोटं बघा तुमची."

त्यांनी बघितली. एकेक बोट उलटंसुलटं करून बघितलं.

"खाली कुणी होतं?"

"नाही."

"मग जा, साहेबांना सांग. आत्ताच्या आत्ता जा. उद्या मी कबूल व्हायचो नाही. तुला खोटारडी म्हणेन, शिव्या देईन. अजिबात ऐकायचं नाही माझं. कळलं?"

मी सांगितलं. साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "उद्यापासून त्यांना आणू नकोस."

सकाळी बाबा बूट घालून दारात उभे. दाढी गुळगुळीत, डबा हातात. "चल गं, किती वेळ! मोठ्या क्रेनचे पॅड बदलायचेत ना?"

पॅड तेवढे त्यांच्या लक्षात होते.

"तुम्ही यायचं नाही, बाबा. काल तुम्हीच सांगितलंत."

"मी? मी असं सांगेन? खोटारडी! बापाच्या जागेवर डोळा आहे होय तुझा!"

शेजारची दारं किलकिली झाली. आईने त्यांचा दंड धरला, तर तिलाही त्यांनी झिडकारलं. आई माझ्याकडे बघून रडत होती, जा म्हणून मान हलवत होती. मी त्यांना आत ढकललं. हो, ढकललं, माझ्या बापाला. आणि दार ओढून बाहेरून कडी घातली.

ते आतून दार बडवत होते. "उघड! माझी माणसं तिथे क्रेनखाली उभी राहतात, कळतंय का तुला? ब्रेक कोण बघणार?"

"मी बघते, बाबा," मी म्हणाले, पण त्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसणार.