घाटकोपरचा प्रिंटर

१९८६ साली आमच्या कंपनीच्या अंधेरीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये एकच माणूस असा होता की ज्याच्या परवानगीशिवाय मशीनमध्ये कोणालाही शिरता येत नसे, आणि ज्याच्याकडे त्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही कामासाठी कोणी येत नसे. तो मी. विद्याधर सबनीस, सिक्युरिटी ऑफिसर. नातेवाइकांना हे सांगितलं की ते विचारत, "म्हणजे रात्रपाळी असते का?"

मशीन काचेच्या खोलीत होतं. चपला बाहेर काढून आत जायचं. त्याच्यात एक प्रोग्राम बसवला होता, तो प्रत्येकाचा नंबर आणि पासवर्ड तपासून कोणाला काय दाखवायचं ते ठरवी. प्रोग्राम मी चालवत असे. निम्म्या कंपनीचा पासवर्ड गणपतीच्या नावाचा होता आणि उरलेल्या निम्म्यांचा मुलांच्या. लोक विसरत ते मुलांच्या नावाचे. मग ते माझ्या टेबलाशी येत, नवा पासवर्ड घेत आणि जात. बसा म्हटलं तर घड्याळ बघत.

सकाळी दहाला आणखी एक काम असे. मशीनपासून कांदिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या शाखांपर्यंत टेलिफोन खात्याकडून घेतलेल्या तारा होत्या. तार जिवंत आहे का हे पाहायला रोज प्रत्येक शाखेच्या टर्मिनलवर एक मेसेज पाठवायचा आणि तिथल्या माणसाने उत्तर द्यायचं. मेसेजमध्ये काहीतरी मजकूर लागे. दोन वर्षं मी 'टेस्ट' असं लिहिलं. एक दिवस मे महिन्यात, कंटाळून, लिहिलं: आज फार थंडी आहे.

कांदिवलीहून आलं: ओके. मुलुंडहून आलं: ओके. घाटकोपरहून आलं:

"मे महिन्यात थंडी? डोक्यार परिणाम झालो काय?"

अक्षरं अर्थात रोमन आणि सगळी मोठी. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी इथे देवनागरीत लिहितो.

"काचेच्या खोलीत बसतो. मशीन थंड ठेवतात."

"आणि तुका?"

"मशीनबरोबर आपोआप."

माझ्या रजिस्टरप्रमाणे घाटकोपरचा तो नंबर अनुपमा नाबर, सीनियर क्लार्क यांच्या नावावर होता. एका ओळीत साठच अक्षरं मावत, त्यामुळे अहो-जाहो परवडत नव्हतं. दोघंही पहिल्या दिवसापासून 'तू'वर आलो. मला 'तू' म्हणणारं माझी आई गेल्यानंतर कोणी उरलं नव्हतं.

दहा ते दहा-पाच एवढाच वेळ असे.

"जेवक काय हाडलंस?"

"डाळभात."

"रोज डाळभात? लगीन केलंस काय नाय?"

"नाही."

"मगे बरा. डाळभात तरी मिळता."

मी खोकतो असं एकदा लिहिलं तर उत्तर आलं, "अडुळशाचो काढो घे, नायतर मरतलंस." पार्ल्याच्या बाजारात अडुळसा शोधत मी एक रविवार घालवला. तो रविवार चांगला गेला. माझ्या मनात काही नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. काही होतं असं लिहिलं तर ते जास्त होईल.

पावसाळा संपता संपता ऑडिटवाल्यांचं पत्र आलं. ज्याच्या नावावर नंबर आहे तोच माणूस तो वापरतो याची सिक्युरिटी ऑफिसरने खात्री करावी. तसं नसेल तिथे नंबर रद्द करून संबंधितांची नावं कळवावीत. खात्री पोस्टाने फॉर्म पाठवूनही करता आली असती. मी प्रत्येकाला समक्ष बोलावलं. नाबरबाई यायच्या त्याच्या आदल्या दिवशी केस कापून घेतले.

त्या आल्या त्या पर्समधून पेन काढतच.

"सबनीस तुम्हीच ना? कुठे सही करू? मला चारला मुलीला क्लासला सोडायचंय."

"अडुळसा घेतला मी," मी म्हणालो. "खोकला आता बराय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि जरा खुर्ची मागे सरकवली.

"सकाळी दहाचे मेसेज…"

"कसले मेसेज? अहो, त्या मशीनचं सगळं धाकू बघतो. धाकू घाडी, आमचा शिपाई. मी दहाला कुठली पोचतेय?"

"पण पासवर्ड तुमचा आहे."

"मग? कपाटाची चावीही माझ्याच नावावर आहे. ती पण त्याच्याच खिशात असते." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही काही लिहिणार नाही ना त्याच्याबद्दल? गिरणीत होता हो. संपात नोकरी गेली. इथे अजून टेम्पररी आहे आणि घरात तीन मुली. एबीसीडी मीच शिकवली त्याला. वाट लागेल बिचाऱ्याची."

मी त्यांची सही घेतली. त्या चारच्या आत पोचल्या असाव्यात.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण पहिला विचार आला तो हिशेबी होता: नाव कळवलं तर धाकूची नोकरी जाईल, नुसता नंबर रद्द केला तर माझे दहा ते दहा-पाच जातील. दोन्ही वाचवायचे तर धाकूला स्वतःचा नंबर हवा होता. पण नंबर क्लार्कच्या खाली कोणाला देता येत नव्हता. नियमावली मी दोनदा वाचली. ती मीच लिहिली होती, त्यामुळे पळवाट कुठे असेल याची साधारण कल्पना होती. यंत्रांनाही नंबर मिळत. प्रिंटरना होते. आणि यंत्राला मेसेज पाठवता येऊ नये असं मी कुठेच म्हटलं नव्हतं.

फॉर्मवर लिहिलं: 'प्रिंटर, घाटकोपर, जादा.' आमचे मॅनेजर चंद्रप्रकाश यांनी तो न बसताच पाहिला.

"प्रिंटर आहे ना?"

"हो."

"मग ठीक. माणूस असता तर हेड ऑफिसला विचारावं लागलं असतं."

नवा पासवर्ड ज्याचा त्याच्या हातात द्यायचा असा नियम होता. प्रिंटरला हात नसतात हा मुद्दा कोणी काढला नाही. शुक्रवारी दुपारी मी घाटकोपरला गेलो. नेहमीसारखा टाय लावून गेलो, ही माझी चूक. त्यावेळी ती चूक आहे हे लक्षात आलं नाही.

धाकू टर्मिनलचं प्लॅस्टिकचं कव्हर घडी करत होता. पन्नाशीचा, बारीक, खाकी कपड्यांतला माणूस. टाय दिसताच उभा राहिला.

"धाकू, मी अंधेरीचा," मी म्हणालो. "डाळभातवाला."

तो हसायला लागला, तेवढ्यात थांबला. त्याची नजर टायवरून बुटांवर गेली.

"तुमी?"

"मीच."

"माका वाटलेला, अंधेरीचो शिपाय आसतलो कोणतरी. थंडीत मशीनाची राखण करूक साहेब कित्याक बसतलो?"

"साहेबच बसतो. दुसरं कोणी बसायला तयार नाही."

यावर त्याने हसायला हवं होतं. त्याने खुर्ची पुसली. मी बसलो. त्याला बस म्हटलं तर तो स्टुलाच्या कडेला टेकला, आत कोणाची तरी घंटा वाजली आणि सुटका झाल्यासारखा उठला. परतला तो चहा घेऊन. एकच कप होता, बशीत दोन बिस्किटं.

"तुझा कुठाय?"

"माजो झालो, साहेब." मग खाली बघत म्हणाला, "मी तुमका काय काय बोललंय. लगनाचा, मरणाचा. पोटात घाला."

"अरे, तेच तर…" मी म्हणालो. पुढचं वाक्य साठ अक्षरांत बसलं असतं, पण तोंडाने येईना. पासवर्डचा कागद त्याच्या हातात दिला आणि समजावलं की आता तू चोरून नाही, कायद्याने लिहितोस, तुला कोणी काढणार नाही. तो दोन्ही हातांनी कागद घेऊन उभाच होता. दारापर्यंत माझी बॅग त्याने धरली.

सोमवारी दहाला मी लिहिलं: "जेवायला काय आणलंस?"

पूर्वी उत्तर अर्ध्या मिनिटात येई. आता चार मिनिटं लागली.

"माननीय साहेब, लाइन चालू आहे. आपला आज्ञाधारक."

मराठी शुद्ध होतं. कोणाकडून तरी लिहून घेतलं असावं. बहुधा नाबरबाईंकडून, म्हणजे शेवटी त्यांनीही मला एक मेसेज लिहिलाच. मंगळवारी मी लिहिलं, खोकला परत आलाय. उत्तर आलं, "माननीय साहेब, लाइन चालू आहे." बुधवारी मी 'टेस्ट' लिहिलं, त्याचंही तेच आलं.

दिवाळीनंतर ऑडिटवाले आले. मशीन प्रत्येक मेसेज कागदावर छापून ठेवी, तो सगळा कागद त्यांनी काढून घेतला आणि दोन दिवस वाचला. जुन्या मेसेजवर लाल पेन्सिलीने खुणा करून त्यांनी मला खासगी मजकुराबद्दल लेखी समज दिली. प्रिंटरच्या नव्या नंबराखाली मात्र त्यांना आक्षेपार्ह काही आढळलं नाही. ते गेल्यावर तो कागद मीही एकदा वाचून काढला. खरंच काही नव्हतं.