शहाण्णवपासून सुरू होणारी पट्टी

“रज्जाकभाई, चारही बार सेम टू सेम दिसतायत. शेठ विचारणार, ह्यात मी बघू काय?” शिवतेजने स्क्रीनवर बोट आपटलं.

“फरकच तेवढा आहे,” रज्जाक म्हणाले. “एक-दीड टक्का. तो दिसणार कसा?”

“दिसायला पायजे ना! तुमी तर चार्टचे मास्टर. करा कायतरी. गुरुवारी मीटिंग आहे.” आणि शिवतेज फोन कानाला लावून निघूनही गेला. कारखान्याचा हा नवा मॅनेजर जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. मोठ्यांशी तो नीट बोलायचा, फक्त कायम घाईत असायचा.

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या या स्विच-सॉकेटच्या कारखान्यात रज्जाक टाइपिस्ट म्हणून लागले, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. एक्सेल त्यांना कोणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एकटे बसून ते शिकले. आता दर महिन्याच्या रिपोर्टमधली सगळी चित्रं त्यांच्या हातची असत, आणि ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते शेजारी बसवून ती कशी काढायची ते दाखवत. त्यांना शिकवायला आवडायचं. चिडायचे नाहीत. एखाद्याला पाचव्यांदा समजलं नाही तर सहाव्यांदा वेगळं उदाहरण घेत.

“कागद हातात घेतलेल्या माणसाकडे दहा सेकंद असतात,” ते सांगत. “त्याचा डोळा भटकू द्यायचा नाही. मागच्या आडव्या रेघा पुसून टाका. फुगीर चित्रं, सावल्या, काही नको. सगळ्या खांबांना एकच फिका रंग द्या, आणि बघायचं आहे त्या एकाला गडद. मथळ्यात नुसतं ‘पॅकिंग’ लिहू नका, पॅकिंगचं काय झालं ते लिहा.”

त्या दिवशी त्यांनी तेच केलं.

खाली पॅकिंगच्या हॉलमध्ये चार टेबलं होती. स्विच, स्क्रू आणि माहितीचा कागद खोक्यात भरायचा. शंभर खोक्यांतले किती बरोबर भरले गेले, त्याचा हा चार्ट होता. पहिलं टेबल अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा, दुसरं अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार, चौथं अठ्ठ्याण्णव पूर्णांक पाच. तिसरं सत्त्याण्णव पूर्णांक एक. चित्राच्या डाव्या बाजूला आकड्यांची एक उभी पट्टी असते. ती शून्यापासून शंभरपर्यंत धरली, तर हे चार खांब एका मापाचे दिसणारच. रज्जाकनी पट्टी नव्वदपासून सुरू केली. फरक जरासा दिसू लागला. मग त्यांनी ती शहाण्णवपासून सुरू केली, आणि तिसरा खांब एकदम खाली बसला. इतरांच्या कमरेलाही तो पोचत नव्हता. त्याला त्यांनी लाल रंग दिला, बाकीच्यांना फिकट राखाडी. खांबांच्या डोक्यावर खरे आकडे लिहिले, कारण आकडे लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मथळा घातला : ‘टेबल तीन मागे पडले आहे’.

मागे रेलून त्यांनी पाहिलं. स्वच्छ झालं होतं काम. चष्मा काढला तरी कळत होतं.

गुरुवारी मीटिंग संपल्यावर शिवतेज सरळ त्यांच्या टेबलाशी आला.

“रज्जाकभाई, काय चार्ट बनवलात राव! शेठ एकदम खूश. एका मिनटात डिसिजन.”

“कसलं डिसिजन?”

“टेबल तीन बंद. या मंथ-एंडपासून. काम बाहेर देणार, मशीन पॅकिंगला.”

रज्जाकना आधी वाटलं, हा थट्टा करतोय. “बंद कशाला? शंभरात दीड खोक्याचा फरक आहे.”

“पण बघा ना कसला दिसतोय.”

“तो मी दाखवलाय म्हणून दिसतोय! पट्टी शहाण्णवपासून आहे. थांब, बस दोन मिनिटं.” त्यांनी घाईने फाइल उघडली, पट्टी पुन्हा शून्यावर आणली. चार खांब खांद्याला खांदा लावून उभे राहिले. “हे बघ. हे खरं आहे.”

“आणि ते खोटं होतं?”

रज्जाकनी पुन्हा जुना चार्ट उघडला.

“आकडे वर लिहिलेत ना तुमीच? सत्त्याण्णव पॉइंट वन. शेठनी वाचले, मी वाचले. खोटं काय आहे त्यात?” शिवतेजचा आवाज खाली आला. “टेन्शन घेऊ नका. तुमच्यावर काय येत नाय. त्या बायका तशाही कॉन्ट्रॅक्टरच्या. वय पण झालंय सगळ्यांचं.”

त्या टेबलावर अकरा बायका होत्या. सगळ्यांत जुनी रंगूबाई, साताऱ्याकडची. एकोणीस वर्षं ती त्याच टेबलाच्या त्याच कोपऱ्यात उभी राहत आली होती. पन्नाशी उलटलेल्या बाईला या पट्ट्यात दुसरं कोणी कामावर घेत नाही, हे गेटवरच्या वॉचमनलाही माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत रज्जाक चार्टचा कागद घेऊन खाली उतरले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बायका डबे उघडून बसल्या होत्या, पण जेवत कोणीच नव्हतं.

“काय रज्जाकभाऊ, वरचा पंखा बंद परलाय का?” शिरवण्याची प्रेमला म्हणाली. “नायतं तुमी कशाला खाली याल!”

कोणी हसलं नाही. प्रेमलाही हसली नाही.

“मला दावा,” रंगूबाई म्हणाली.

“काय?”

“त्येच, जे शेटला दावलं. समदी म्हंत्यात चित्र हाय म्हून.”

त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले आणि कागद दोन्ही हातांत घेतला.

“ह्यो तांबडा आखूड कोन?”

“तुमचं टेबल.”

“आन् ह्यो?”

“एक नंबर.”

तिने अंगठा आणि बोट पसरून लाल खांब मोजला, मग तेच माप शेजारच्या खांबावर ठेवलं. “म्हंजी आमी त्यांच्या निम्मं बी न्हाई?”

“तसं नाही. ऐका, सांगतो.” रज्जाक उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. “समजा एका भिंतीमागे चार मुलं उभी आहेत. चौघंही जवळपास एका उंचीची. एक फक्त दोन बोटं कमी. भिंत त्यांच्या कपाळापर्यंत आहे. मग इकडून बघणाऱ्याला तिघांचं कपाळ दिसतं आणि चौथ्याचे नुसते केस. त्याला वाटतं, हे पोर किती बुटकं.”

“व्हय. पर त्ये बुटकं नसतंया.”

“नसतं.”

रंगूबाईने समजल्यासारखी मान हलवली. मग विचारलं, “भिंत कुनी घातली?”

“मी,” रज्जाक म्हणाले.

कुणाच्या तरी डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गोल फिरत राहिलं.

“तं मंग कारा ना ती भिंत!” प्रेमला म्हणाली.

“काढली. आता कोणी बघत नाही.”

रंगूबाई अजून कागदाकडेच पाहत होती. “ती दोन बोटं बी कशी कमी झाली ठावं हाय का तुमास्नी? खोका भरताना शंका आली, की आमी त्यो उघडतो. चुकला आसंल तर नीट करतो आन् वहीत रेघ मारतो. वही दिलीया कशासाठी? चुकल्यालं लिवायलाच न्हवं?”

“आणि बाकीची टेबलं?”

“त्यास्नी इचारा. मी दुसऱ्याचं कशाला सांगू!”

प्रेमलाने मात्र सांगून टाकलं. “उघरतान, नीट करतान, गप बसतान. रेघ-बिघ काय नाय. येऱ्या आमीच, लिवून ठेवतो!”

ती वही दर संध्याकाळी वर येत असे. तिच्यातल्या रेघा मोजून रज्जाकच शीटमध्ये भरत. शीटमध्ये त्यासाठी एकच रकाना होता, ‘चूक’. तोही त्यांनीच आखलेला. बायकांनी स्वतः पकडून दुरुस्त केलेला खोका आणि गिऱ्हाइकाकडून परत आलेला खोका, दोन्ही त्या एका रकान्यात जात होते. इतक्या वर्षांत खाली येऊन विचारावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ते पुन्हा शिवतेजकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे बाकीची तीन टेबलं चोर, असं लिहून द्यायचं? प्रूफ काय? जे लिहिलंच नाय त्याचं प्रूफ कुठून आणणार, रज्जाकभाई?” तो खरंच विचारत होता. “मशीनवाल्याला होकार पण गेला.”

संध्याकाळी जुईनगरच्या घरी त्यांच्या बायकोने, बतूलने, चहा पुढे ठेवला. तो निवला तरी त्यांनी कप उचलला नाही.

“काय झाला?” तिने विचारलं. त्यांनी सांगितलं. ती शेजारी बसून ऐकत राहिली.

“मंग तुमी कायतरी खोटं लिवलाव?”

“नाही. एकही आकडा खोटा नाही.”

“मंग असा कसा झाला?”

तीस वर्षांत कुठल्याही प्रश्नाला त्यांनी एखादं उदाहरण शोधलं होतं. या वेळी त्यांनी निवलेला कप उचलून आत नेऊन ठेवला.

सकाळी ऑफिसात आल्या आल्या त्यांनी शेठना मेल लिहिला. आजवर त्यांनी शेठना स्वतःहून कधी मेल केला नव्हता. शून्यापासूनचा चार्ट जोडला. वहीबद्दल तीन वाक्यं लिहिली. तिसरं वाक्य चार वेळा बदललं. विनंती वाटावी, तक्रार वाटू नये म्हणून. उत्तर तासाभरात आलं. ‘नोटेड. मागचा चार्ट जास्त क्लिअर होता. तसेच करत जा.’

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता तीन नंबरच्या बायकांनी टेबल पुसलं. उद्या त्यावर कोणी काम करणार नव्हतं, तरी चिकटपट्टीचे जुने डाग त्यांनी नखांनी खरवडून काढले. रंगूबाई वही घेऊन स्वतः वर आली.

“मोजून घ्या,” ती म्हणाली. तिने बसायचं नाकारलं. “आमची जाऊबाई हाय कोपरखैरण्याला. तिच्याकडं पोळ्या लाटायचं काम मिळतंय का बगते. हात चालत्यात अजून.”

“रंगूबाई, माझ्यामुळे...”

“आसूद्या. तुमी काय मुद्दाम केलंया व्हय?” ती थांबली. “पर एक सांगू का? ज्याचं चित्र काडायचं, त्याला आदी एकदा इचारावं.”

ती गेल्यावर त्यांनी वही उघडली. शेवटच्या पानावर त्या दिवसाची तारीख होती. तारखेखाली पेन्सिलीने, दाबून, एक रेघ मारलेली होती. आजही एक खोका चुकला होता, आणि आजही तो लिहिला गेला होता. रज्जाकनी शीट उघडली आणि ‘चूक’च्या रकान्यात एक भरला.

पुढच्या महिन्यात रिपोर्टची वेळ आली. तिसऱ्या टेबलाच्या ओळीत आता भरायला काही नव्हतं. चार्टमध्ये दोन खांब उभे राहिले, मग मोकळी जागा, मग एक खांब. पट्टी त्यांनी शून्यापासून ठेवली होती. ह्या वेळी कोणाला काही ठरवायचं नव्हतं, त्यामुळे तिला कोणी हरकत घेतली नाही.

“रज्जाकभाई, मधे तो गॅप बरा नाय दिसत,” शिवतेज मागे उभा राहून म्हणाला. “दात पडल्यासारखा. हटवा ना.”

त्यांनी ती ओळ निवडली आणि झाकून टाकली. त्याला एक सेकंदसुद्धा लागत नाही. उरलेले तीन खांब आपोआप थोडे रुंद झाले आणि मधली जागा त्यांनी आपसांत वाटून घेतली.

“आता मस्त,” शिवतेज म्हणाला. “फक्त खाली एक, दोन, चार आलंय. चारला तीन करा, नायतर शेठ कन्फ्यूज होतील.”

रज्जाकनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“चारच राहू दे,” ते म्हणाले.

शिवतेज काहीतरी बोलणार होता, पण त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. रज्जाकनी प्रिंट दिली. कोपऱ्यातल्या मशीनमधून कागद सावकाश बाहेर आला. खांबांखाली एक, दोन आणि चार असंच छापलेलं होतं.